सर्वांसाठी आरोग्य विम्याचा कायदा: तो चालतो कशावर?

प्रश्न असा आहे: प्रत्येक नागरिकाला आरोग्य विमा देणारा कायदा संमत झाला, तर तो प्रत्यक्षात चालेल कसा, हप्ता कोण भरणार, धडधाकट तरुणाने तो का भरावा, खासगी रुग्णालये या व्यवस्थेत येतील का, आणि रुग्णाच्या खिशाला लागणारी कात्री खरोखर थांबेल का. विम्याचे दावे तपासणे आणि विमा योजनांची आखणी करणे या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबले तरी तपशिलाने देतो.

अशा कायद्याला चार गोष्टींचा निवाडा करावा लागतो. निधीत कोण येणार, पैसा कुठून येणार, त्या पैशातून कोणत्या सेवा घेतल्या जाणार, आणि त्या कोणत्या दराने व कोणत्या अटींवर घेतल्या जाणार. सार्वजनिक चर्चा बहुतेक वेळा पहिल्या दोन प्रश्नांतच आटोपते, कारण कर आणि हप्ता हे सर्वांना समजणारे विषय आहेत. माझे मत असे की कायद्याचे भवितव्य चौथ्या प्रश्नावर ठरते. विमाकार्ड जवळ असूनही बिलाच्या खिडकीपाशी रुग्णाकडून वेगळे पैसे मागितले जात असतील, तर निधी कितीही मोठा असला तरी कायद्याने दिलेले वचन तिथेच मोडते. मात्र त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आधीचे तीन समजून घ्यावे लागतात.

आजारपणाचा खर्च सर्वांवर सारखा पडत नाही. अमेरिकेतील आकडेवारी पाहिली, तर वर्षभरातील एकूण वैद्यकीय खर्चापैकी जवळपास निम्मा खर्च केवळ ५ टक्के लोकांवर होतो. हे ५ टक्के कोण असतील हे आधी नक्की कळत नाही, पण आपल्या प्रकृतीचा अंदाज प्रत्येकाला असतो. विमा ऐच्छिक ठेवला की ज्याला दुखण्याची चाहूल लागली आहे तो आधी येतो आणि ठणठणीत माणूस थांबून राहतो. त्यामुळे हप्ता वाढतो, हप्ता वाढला की आणखी काही निरोगी लोक बाहेर पडतात, आणि हे चक्र फिरत राहते. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये कायदा करून विमा कंपन्यांना आजारी माणसाला नाकारण्यास मनाई केली आणि त्याबरोबर सर्वांवर विम्याची सक्तीही घातली. १९९५ मध्ये सक्ती काढून टाकण्यात आली, मनाई मात्र राहिली. १९९९ उजाडेपर्यंत तिथल्या कंपन्यांनी वैयक्तिक विम्यासाठी नवे ग्राहक घेणेच थांबवले होते. म्हणून तरुणाने का भरावे, याचे उत्तर परोपकाराच्या भाषेत देण्याची गरज नाही. निरोगी माणसे निधीत नसतील, तर पुढे त्याला गरज पडेल तेव्हा परवडणारा विमाच शिल्लक राहणार नाही.

सक्ती मात्र दंडानेच होते असे नाही. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यातील विमा न घेणाऱ्यावरचा दंड २०१९ पासून शून्यावर आणला गेला, तरीही तिथला वैयक्तिक विम्याचा बाजार कोसळला नाही, कारण हप्त्यासाठी मिळणारे सरकारी अनुदान बहुतेक ग्राहकांना धरून ठेवण्याइतके मोठे होते. यातून मी एवढाच निष्कर्ष काढतो की लोकांना निधीत राखण्याचे काम दंड आणि अनुदान मिळून करतात. एक कमी केले तर दुसरे वाढवावे लागते, आणि दोन्ही काढून घेतले तर हाती फक्त आजारी लोकांचा निधी उरतो.

आता वसुली. पगारदारांकडून पैसा जमवणे सोपे असते, कारण तो पगार हाती येण्याआधीच कापता येतो. जर्मनीने १८८३ मध्ये कामगारांच्या आजारपण विम्याचा कायदा केला तेव्हा दोन तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक तृतीयांश मालकाचा होता. आज मूळ वर्गणी वेतनाच्या १४.६ टक्के असून ती दोघे निम्मी-निम्मी उचलतात. खरी अडचण शेतकरी, फेरीवाले, रोजंदारीवरचे मजूर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि छोटे दुकानदार यांची असते. ते गरिबांच्या यादीत बसत नाहीत आणि त्यांची पगारपत्रकेही नसतात. दक्षिण कोरियाने १९७७ मध्ये ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कंपन्यांपासून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने १९८९ मध्ये स्वयंरोजगारातील लोकांपर्यंत मजल मारली. १२ वर्षांत सर्वांना सामावणे हा वेगच म्हणायचा, आणि त्या काळात त्या देशातील पगारदारांचे प्रमाण झपाट्याने वाढत होते हे विसरता येत नाही.

थायलंडने वेगळा मार्ग धरला. २००२ च्या राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायद्याने सरकारी कर्मचारी आणि खासगी क्षेत्रातील विमाधारक कामगार सोडून उरलेल्या सर्वांना, म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश लोकसंख्येला, थेट करांतून पैसा देऊन सामावून घेतले. हप्ता गोळा करण्याच्या फंदात तो देश पडलाच नाही. घानाने २००३ च्या कायद्यात वस्तू व सेवांवर २.५ टक्के वेगळा आरोग्य उपकर लावला. माझा कल ठामपणे कराच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण व्यवहारातले आहे. रोजंदारीवरच्या माणसाला दर महिन्याला हप्ता भरण्यास सांगितले, तर ज्या महिन्यात काम मिळत नाही त्याच महिन्यात हप्ता चुकतो, आणि अंगावर काढलेले दुखणेही बहुधा तेव्हाच बळावते. मग रुग्णालयात दाखल होताना संगणकावर त्याचे सदस्यत्व खंडित दिसते. शिवाय अशा लोकांकडून थोडी थोडी रक्कम गोळा करण्याचा खर्च वजा केला, तर हाती फारसे काही उरत नाही. हक्क नागरिकत्वाशी किंवा निवासाशी जोडावा आणि वसुली स्वतंत्रपणे करावी. हप्ता थकला म्हणून उपचार थांबणार नाहीत, असे कलम मूळ कायद्यातच असावे, नंतर येणाऱ्या नियमांवर ते सोडू नये.

जमलेला पैसा एका निधीत ठेवायचा की अनेक, हा प्रश्न वरवर केवळ प्रशासकीय वाटतो. दक्षिण कोरियात ३५० हून अधिक वेगवेगळ्या विमा संस्था होत्या; ग्रामीण, वयस्कर वस्तीच्या संस्था कायम तोट्यात आणि मोठ्या कंपन्यांच्या संस्था शिलकीत अशी स्थिती झाल्यावर २००० मध्ये त्या सर्व एकत्र करण्यात आल्या. तैवानने १९९५ मध्ये सुरुवातच एका विमा संस्थेने केली. अनेक विमा संस्था ठेवायच्याच असतील, तर त्यांच्यात जोखमीची भरपाई करणारी पक्की यंत्रणा लागते. समजा, दोन विमा संस्था आहेत. एकीकडे बहुतेक पंचविशीतले सदस्य आहेत आणि दुसरीकडे साठीचे मधुमेही. दोघींना हप्ता सारखाच घ्यावा लागत असेल, तर दुसरी बुडणार हे उघड आहे, आणि पहिली आपले कौशल्य उपचार सुधारण्यात घालवण्याऐवजी साठीच्या मधुमेह्यांना दूर ठेवण्यात घालवणार हेही तितकेच उघड आहे. नेदरलँड्सच्या २००६ च्या कायद्यात म्हणून ढोबळमानाने निम्मा पैसा उत्पन्नावर आधारित वर्गणीतून मध्यवर्ती निधीत जातो आणि तिथून सदस्यांचे वय, जुने आजार, नियमित औषधे यांचा हिशेब करून विमा कंपन्यांना वाटला जातो. मधुमेही सदस्य आला की कंपनीला जास्त रक्कम मिळते, त्यामुळे त्याला नाकारण्यात फायदा राहत नाही. जर्मनीने अशी भरपाई १९९४ मध्ये सुरू केली आणि २००९ पासून तिला प्रत्यक्ष आजारांचा आधार दिला. ही यंत्रणा उभी करण्यासाठी वर्षानुवर्षांच्या निदानांच्या आणि औषधांच्या विश्वसनीय नोंदी लागतात. ज्या देशात त्या नाहीत, तिथे अनेक विमा कंपन्यांमधील स्पर्धेवर कायदा उभारणे मला धोक्याचे वाटते.

कोणत्या सेवा मिळणार, यात सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे विमा फक्त रुग्णालयात दाखल होण्यापुरता ठेवणे. बाह्यरुग्ण तपासणी आणि रोजची औषधे वगळली, तर रक्तदाबाची गोळी रुग्ण स्वतःच्या पैशाने घेतो किंवा घेतच नाही, आणि तीच व्यवस्था पुढे त्याच्या पक्षाघाताचे मोठे बिल भरते. कॅनडासारख्या देशातही डॉक्टर आणि रुग्णालय यांचा खर्च कायद्याने भागतो, पण रुग्णालयाबाहेर घेतलेली औषधे त्या मूळ चौकटीत नव्हती, आणि ती उणीव भरण्याचे प्रयत्न तिथे अजून चालू आहेत. नवी औषधे आणि उपचार यादीत घेण्याचा निर्णय मंत्र्याच्या मर्जीवर किंवा कंपनीच्या आग्रहावर सोडू नये. खर्च आणि लाभ यांचा उघड हिशेब मांडणारी स्वतंत्र संस्था त्यासाठी हवी. थायलंडने अशी संस्था २००७ मध्ये उभारली. मात्र हिशेबालाही मर्यादा असतात: २००८ मध्ये डायलिसिसचा समावेश करताना तो उपचार खर्चाच्या कसोटीवर महाग ठरत होता, तरी कुटुंबेच्या कुटुंबे त्यापायी कर्जात बुडत असल्याने तो घेण्यात आला. तो निर्णय मला योग्य वाटतो.

आता चौथा प्रश्न, म्हणजे डॉक्टर आणि रुग्णालय यांना पैसे कसे द्यायचे. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक भेटीला स्वतंत्र दर दिला, तर तपासण्या आणि भेटी वाढतात. दरडोई ठरावीक रक्कम आधीच दिली, तर खर्च आटोक्यात राहतो, पण रुग्ण जितका कमी फिरकेल तितके बरे, अशी वृत्ती बळावू शकते. थायलंडमध्ये बाह्यरुग्ण सेवेसाठी दरडोई रक्कम आणि आंतररुग्ण सेवेसाठी आजाराच्या गटानुसार एकरकमी दर, तोही ठरावीक अंदाजपत्रकाच्या आत, अशी सांगड घातली आहे.

आजाराच्या गटानुसार दर म्हणजे काय, हे एका दाव्यावरून पाहू. न्यूमोनिया झालेली वृद्ध व्यक्ती दाखल होते. घरी सोडताना रुग्णालयातील नोंदणी करणारा कर्मचारी केसपेपर वाचून मुख्य निदानाचा संकेतांक भरतो, सोबत मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असे जोडआजार लिहितो, आणि संगणक ते सर्व एका गटात टाकून एक रक्कम सांगतो. रुग्ण ४ दिवस राहिला काय आणि ८ दिवस राहिला काय, रक्कम साधारण तीच. त्यामुळे विनाकारण मुक्काम वाढवणे थांबते, हा मोठा लाभ आहे. पण याच कागदावर दोन जागी बोट ठेवावे लागते. एक म्हणजे जोडआजारांची नोंद: रक्ततपासणीत क्षार किंचित कमी आढळले, त्यावर काही उपचारही झाले नाहीत, तरी तो आजार म्हणून लिहिला की दर वरच्या गटात जातो. दुसरे म्हणजे पुन्हा दाखल होणे: घाईने घरी पाठवलेला रुग्ण आठवडाभरात परत आला, तर त्याचा नवा दावा होतो. म्हणून ठरावीक दिवसांत त्याच कारणाने परत आलेल्या रुग्णासाठी वेगळी रक्कम मिळणार नाही, असा नियम लागतो, आणि केसपेपर प्रत्यक्ष वाचू शकणारे वैद्यकीय तपासनीस लागतात. जर्मनीत एकरकमी दरांमुळे रुग्णालयांनी परिचारिकांच्या संख्येत काटकसर केली. शेवटी २०२० पासून रुग्णशुश्रूषेचा खर्च त्या दरांतून बाहेर काढून वेगळा द्यावा लागला. दर ठरवणाऱ्याने ज्याचा वेगळा विचार केला नाही, त्याची झीज रुग्णालयात सर्वांत आधी होते.

तैवानची पद्धतही लक्ष देण्यासारखी आहे. तिथे प्रत्येक क्षेत्राचे वार्षिक अंदाजपत्रक आधी ठरते. दंतवैद्यकाचे १९९८ पासून आणि रुग्णालयांचे २००२ पासून. सेवांना रुपयापैशाऐवजी गुण दिलेले असतात. एकूण गुण अपेक्षेपेक्षा जास्त झाले, की प्रत्येक गुणाची किंमत आपोआप उतरते, त्यामुळे एकूण खर्च मर्यादेत राहतो. यातली उणीव अशी की आपला वाटा टिकवायचा तर प्रत्येक डॉक्टरला अधिक रुग्ण तपासावेसे वाटते आणि एका रुग्णाला मिळणारा वेळ आखडतो. निर्दोष पद्धत कुठेच नाही. कायद्यात कोणतीही एक पद्धत कोरून ठेवू नये. दर कोण, किती काळाने आणि कोणाशी बोलून ठरवेल एवढे मात्र नक्की लिहावे. जपानमध्ये एकच राष्ट्रीय दरपत्रक असून ते दर दोन वर्षांनी सुधारले जाते, आणि रुग्णालय सरकारी असो वा खासगी, दर तोच राहतो.

आता बिलाच्या खिडकीपाशी येऊ. शस्त्रक्रिया मंजूर दरात बसते, पण रुग्णाच्या मुलाला सांगितले जाते की त्या दरातले इम्प्लांट साधे आहे, चांगले हवे असेल तर फरक भरा. भूल देणारा डॉक्टर बाहेरचा आहे, त्याची फी वेगळी. काही सामान ‘योजनेत येत नाही’. रुग्ण टेबलावर आणि कुटुंब दारात, अशा वेळी घासाघीस कोण करणार? कॅनडाने १९८४ च्या कायद्यात यावर सरळ उपाय केला. विम्यात समाविष्ट सेवेसाठी एखाद्या प्रांतात रुग्णांकडून जादा आकारणी झाली, तर तितकीच रक्कम त्या प्रांताला मिळणाऱ्या केंद्रीय निधीतून कापली जाते. या कलमाची ताकद अशी की प्रत्येक रुग्णाने तक्रार घेऊन न्यायालयात जाण्याची गरज पडत नाही. जादा आकारणी रोखण्यात प्रांतिक सरकारचाच आर्थिक स्वार्थ गुंतवला जातो. जपाननेही एकाच उपचारात विम्याची सेवा आणि खासगी आकारणी यांची सरमिसळ करण्यावर सर्वसाधारण बंदी ठेवली आहे, अपवाद ठरवून दिले आहेत. दक्षिण कोरियात विम्याबाहेरच्या सेवांना बराच वाव राहिला, आणि सर्वांना विमा असूनही लोकांच्या खिशातून होणारा खर्च तिथे दीर्घकाळ जास्त राहिला.

रुग्णाचा स्वतःचा थोडा वाटा असावा की नसावा, यावर वाद होतो. वाटा असला की लोक विनाकारण दवाखान्यात जात नाहीत, असे म्हटले जाते. अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झालेल्या रँड संस्थेच्या मोठ्या प्रयोगात दिसले की वाटा वाढवल्यावर अनावश्यक उपचारांइतकेच आवश्यक उपचारही कमी झाले, आणि रक्तदाब असलेल्या गरीब रुग्णांचे त्यात नुकसान झाले. म्हणून वाटा ठेवायचाच असेल तर त्याला उत्पन्नानुसार कमाल मर्यादा घालावी. जपानमध्ये बहुतेक प्रौढांना ३० टक्के वाटा उचलावा लागतो, तरी मासिक मर्यादेमुळे मोठ्या आजारात तो आवाक्यात राहतो. देशाच्या एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा हिस्सा १५ ते २० टक्क्यांच्या खाली आला की उपचारांपायी कुटुंबे उद्ध्वस्त होण्याचे प्रमाण नगण्य होते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१० च्या अहवालात म्हटले होते. खिशाला लागणारी कात्री थांबेल का, याचे मोजमाप मी याच आकड्याने करतो.

खासगी रुग्णालये येतील का? सुरुवातीला विरोध होईल. कॅनडातील सॅस्कॅचवान प्रांतात १९६२ मध्ये सार्वत्रिक वैद्यकीय विमा लागू झाला, तेव्हा डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तडजोडीत त्यांचे खासगी व्यावसायिक म्हणून असलेले स्वातंत्र्य कायम राहिले, आणि काही वर्षांत तीच व्यवस्था देशभर पसरली. डॉक्टरांना सरकारी नोकर केले जाणार नाही, दर एकतर्फी लादले जाणार नाहीत आणि पैसे वेळेवर मिळतील, या तीन गोष्टींची हमी मिळाली की विरोध बराच निवळतो. यातली तिसरी हमी देणे सर्वांत अवघड जाते. घानात विमा निधीकडून रुग्णालयांची बिले अनेकदा महिनोन्‌महिने थकली, आणि त्याचा परिणाम शेवटी रुग्णांनाच भोगावा लागला. औषधे बाहेरून आणा, असे त्यांना सांगितले जाऊ लागले. बिल ठरावीक दिवसांत चुकते न झाल्यास त्यावर व्याज आपोआप लागेल, अशी तरतूद कायद्यात हवी, आणि त्यासाठीचा पैसा सरकारच्या इतर खर्चाकडे वळवता येणार नाही असा वेगळा निधी हवा.

कायदा डॉक्टर निर्माण करत नाही, हेही सांगायला हवे. थायलंडची योजना इतक्या लवकर रुजली याचे एक मोठे कारण असे की तिथे जिल्हा रुग्णालये बांधण्याचे आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण भागात काम करायला लावण्याचे धोरण कायद्याच्या कितीतरी आधीपासून चालू होते. जिथे जवळ रुग्णालयच नाही, तिथे विमाकार्डाचा उपयोग शहरात जाण्याचे भाडे जवळ असणाऱ्यालाच होतो. त्यामुळे त्याच कायद्यात किंवा त्याच्या जोडीला दुर्गम भागातील दवाखान्यांसाठी दाव्यांवर अवलंबून नसलेला, थेट अनुदानाचा पैसा ठेवावा लागतो.

अंमलबजावणीच्या तारखांचा मुद्दा शेवटी घेतो, कारण मसुदा वाचताना तो हमखास नजरेतून निसटतो. दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय आरोग्य विमा कायद्यावर मे २०२४ मध्ये स्वाक्षरी झाली, पण त्याची कलमे लागू होण्याची तारीख पुढच्या घोषणेवर सोपवलेली आहे. टप्प्यांना माझा विरोध नाही. पण पहिल्या टप्प्यात वर्गणीची वसुली आणि अखेरच्या टप्प्यात जादा आकारणीवरची बंदी, असा क्रम लावला, तर लोक दोन्हीकडून भरतात आणि कायद्यावरचा त्यांचा विश्वास उडतो. म्हणून दरपत्रक, जादा आकारणीवरची बंदी आणि तक्रारींचा निवाडा करणारी यंत्रणा ज्या दिवशी लागू होईल, त्याच दिवसापासून वर्गणी घेता येईल, त्याआधी नाही, असे कायद्याच्या प्रारंभाच्या कलमातच लिहिलेले असावे.